सावडीतलं शेवटचं खाचर

जगातल्या देशांसमोर मी पहिल्यांदा बोलले तेव्हा माझे दोन्ही पाय घोट्याच्या वर चिखलात होते आणि डोक्यावर प्लास्टिकच्या कागदाची खोळ होती. हे सांगितलं की लोकांना वाटतं, पोरगी फेकतेय. फेकत नाही. मार्गासनीतल्या आमच्या भाताच्या खाचरात उभी राहून मी अर्धं मिनिट बोलले, आणि तिकडे युरोपातल्या एका शहरात, मोठ्या सभागृहात, कोट घातलेली माणसं कानाला यंत्र लावून ते ऐकत होती. अजून आठवलं की अंगावर काटा येतो आणि मी जिथं असेन तिथं एकटीच हसते. परवा नसरापूरच्या स्टँडवर हसले तर शेजारची बाई सरकून बसली.

आता क्रमानं सांगते, नाहीतर सगळं एकदम सांगायला जाईन. आई म्हणते, माझं तोंड माझ्या आधी घरात पोचतं.

मी भोरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. रोज मार्गासनीहून एसटीनं नसरापूर, तिथून भोर. एका मैत्रिणीनं मोबाईलवर एक जाहिरात पाठवली. शाश्वत विकासाच्या प्रश्नावर देशादेशांच्या वाटाघाटी चालू होत्या, आणि त्यात तरुणांचा एक गट असतो, त्या गटाला आमच्यासारखी डोंगराकडची पोरं हवी होती. शाश्वत विकास म्हणजे काय ते मी आईला समजावलं. म्हटलं, आजची तहान भागवताना उद्याचा हंडा फोडायचा नाही, असं सगळ्या देशांनी मिळून ठरवायचं. आई म्हणाली की मग यात ठरवण्यासारखं काय आहे, हे तर कुणालाही कळतं. तिला काय सांगणार? तिकडे हेच कळायला वर्षानुवर्षं बैठका चालतात. एक एक वाक्य घेऊन बसतात, आणि मंगळवारच्या बाजारात वांग्यांवरून होते तशी घासाघीस करतात. हा शब्द घाला, तो काढा, एवढं नको, निम्मं करा. तरुणांना मागच्या बाजूला थोड्या खुर्च्या आणि बोलायला दोन मिनिटं. सगळ्या जगातल्या तरुणांना मिळून दोन मिनिटं बरं का.

माझी निवड झाल्याचा मेसेज आला तेव्हा मी भोरच्या गाडीत होते. मी अशी किंचाळले की कंडक्टरनं बेल मारून गाडी थांबवली. त्याला वाटलं दारात कुणाचा पाय अडकला. मी म्हटलं, मामा, चला चला, काही नाही, मी जगात निघाले. त्यानं जे तोंड केलं ते मी जन्मात विसरणार नाही.

जाहिरात पाठवणारी ती मैत्रीण भोरातच राहते. तिचे अब्बा टेम्पो चालवतात. घर छोटं, पण वरच्या खोलीत नेट असं पळायचं की विचारू नका. आमच्याकडे मार्गासनीत वरच्या खाचराच्या कोपऱ्यात, जांभळाखाली उभं राहिलं तरच रेंज येते, तीही तिच्या मर्जीनं. म्हणून सगळ्या ऑनलाइन बैठका मी भोरला त्या वरच्या खोलीतून केल्या. मी बोलायला लागले की मैत्रीण शेजारी भिंतीला टेकून बसायची आणि माझं इंग्रजी अडखळलं की ओठ हलवून शब्द सांगायची. तिची अम्मी मधेच चहा ठेवून जायची आणि पडद्यावरच्या सगळ्यांना हात करायची. कितीतरी देशांतली पोरं तिला ओळखायला लागली होती.

पण मला तिथं नेमकं काय सांगायचं होतं, ते या बैठकांच्या आधीच ठरलं होतं. ते ठरलं मामीच्या गावी.

मामीचं गाव भाटघर धरणाच्या पाण्याकडेला. पावसाळ्यात बघाल तर दारात समुद्र. उन्हाळ्यात मात्र पाणी मागे मागे जातं, आणि उरतो तो भेगाळलेला गाळ. त्या वैशाखात मी मामीबरोबर हंडा घेऊन खाली गेले होते. पाणी समोर दिसतंय आणि आपण नुसतं चालतोय. गाळ वरून कडक, आतून मऊ. पाय रुतला की निघता निघत नाही. परत येताना मामी एका दगडावर टेकली. मी माझ्या त्या गटाबद्दल बडबडत होते, देश काय नि मसुदा काय. मामीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली,

"पानी आमच्या दारातून जातंय ग. खालच्यांना जाऊ दे की, त्यांनाबी तहान हाय. पर जाता जाता आमाला येक घोट दिऊन जावं. येवडंच सांग त्यांना."

मी म्हटलं, सांगते. मामीनं हंडा डोक्यावर घेतला आणि विषय संपवला. तिला वाटलं, पोर म्हणतेय तर म्हणू दे. पण माझ्या डोक्यात ते बसलं ते बसलंच. सभागृहात हे एवढं एक वाक्य जायला हवं. बाकी जग वाचो न वाचो, हे वाक्य गेलं पाहिजे. मी त्याचं इंग्रजी केलं: जिथं पाणी अडवलं जातं, तिथल्या माणसांची तहान आधी भागवावी. मैत्रिणीनं ते वाचून मान डोलावली. म्हणाली, हे कुठल्याही देशाला कळेल.

पहिल्या बैठकीत नुसता गोंधळ. आम्हाला सगळ्यांचं मिळून दोन मिनिटांचं एक निवेदन तयार करायचं होतं आणि जो तो आपापल्या परिच्छेदाला चिकटलेला. कुणाचं जंगल, कुणाचं मासे पकडणं, कुणाचं खाणीचं काम. कामकाज बघणारी एक युरोपातली मुलगी होती, आमच्याहून थोडी मोठी, मी मनात तिला ताई म्हणायचे. ती बिचारी सगळ्यांना थांबा थांबा म्हणून दमली. मला राहवेना. मी माइक चालू केला आणि म्हटलं, असं होणार नाही, आमच्याकडे लावणी करतात तसं करू. सावड करू.

मग मला सावड सांगावी लागली. आमच्या भागात भाताची लावणी एकट्यादुकट्यानं होत नाही. आज माझ्या खाचरात सगळे वाकतात, उद्या तुझ्या खाचरात सगळे. मजुरी कुणी मागत नाही, कुणी देत नाही. आलेल्या माणसाचा दिवस आपण त्याच्या रानात जाऊन फेडायचा. कुणाची ओळ मागं पडली तर शेजारचा हात घालतो आणि सगळी रांग एकदम बांधाला पोचते. मी म्हटलं, तसंच एका वेळी एकाचाच परिच्छेद घ्यायचा, सगळ्यांनी त्याच्यावर वाकायचं, तो लागला की पुढचा.

आणि काय सांगू, पडद्यावर एकदम सगळे बोलायला लागले. आफ्रिकेतला एक मुलगा ओरडला की आमच्याकडे पण असंच करतात. डोंगरातली एक मुलगी म्हणाली आमच्याकडे बटाट्याला करतात. कुणी घर शाकारायला, कुणी होडी ओढायला. प्रत्येकाकडे त्याचं वेगळं नाव आणि काम तेच. मी मैत्रिणीच्या दंडाला एवढ्या जोरात चिमटा काढला की ती कळवळली. अख्ख्या जगात सावड आहे हो. हे मला कुणी आधी सांगितलं कसं नाही?

अर्थात मग पाळ्या लावायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. मी आनंदानं घेतलं. रोज संध्याकाळी एकेकाचं रान. त्यात एक मुलगी होती, समुद्रातल्या एका छोट्या बेटावरची. तिच्या गावच्या विहिरींत समुद्राचं पाणी शिरत होतं. तिच्याकडे वादळ झालं की नेट जायचं, आणि ती नसली की आम्ही तिचा परिच्छेद उघडून बसायचो. तिच्या ओळी मी इतक्यांदा घासल्या की मला त्या झोपेत पाठ म्हणता आल्या असत्या. विहिरीचं पाणी आधी चहात कळतं, मग डाळीत, मग साबणाला फेस येत नाही, हे तिनं सांगितलं आणि मी घालायला लावलं. ती हसून म्हणाली होती की तू माझ्या बेटावर राहून आलीस का.

सभेला समोरासमोर जायला आमच्यातून दोघींची नावं निघाली, एक बेटावरच्या मुलीचं आणि एक माझं. खर्च गट करणार होता. मी घरी उड्या मारत आले. आई भाकरी थापत होती. तिनं तवाही उतरवला नाही. लावणीच्या दिवसांत पोरगी विमानात बसून कुठं परमुलखात जाणार, सोबत कोण, खाणार काय, आणि सावडीला आपल्या घरचा एक हात कमी पडला तर उद्या आपल्या खाचरात कोण येणार, असं सगळं ती एका दमात म्हणाली. मी रुसले, जेवले नाही, दार आपटलं. काही उपयोग झाला नाही. खरं सांगायचं तर आई घाबरली होती, आणि घाबरली की ती सावडीचं नाव पुढे करते. शेवटी ठरलं की बेटावरची मुलगी तिथं जाऊन निवेदन वाचेल आणि मी ऑनलाइन ऐकेन. मी म्हटलं, ठीक आहे, मी नाही गेले तर नाही, माझं वाक्य तर जातंय.

आणि इथंच माझी माती झाली.

आमच्याकडे सावडीत दोन गोष्टी अशा आहेत की त्या कुणी बोलून दाखवत नाही. पाळ्या लावणाऱ्याचं खाचर शेवटी. आणि शेवटचं खाचर लागल्याशिवाय कुणी चिखलातून पाय काढत नाही. मग पाऊस कोसळो, उजेड जावो, टिलरचा दिवा पेटवतात पण रोपं लावतातच. म्हणून मी माझा परिच्छेद शेवटी ठेवला. ठेवला म्हणजे काय, तो तसाच असतो, त्यात ठरवायचं काही नसतं.

निवेदन पोचवायची मुदत शुक्रवारी तिकडच्या दुपारपर्यंत, म्हणजे आमच्याकडे चहाच्या वेळेपर्यंत. आधीच्या परिच्छेदावर दोघांत जुंपली आणि वेळ गेला. मी शांत. मला काय घाई? माझं शेवटचं आहे, आता सगळे माझ्यावरच वाकणार. घड्याळात वेळ झाली. ताई म्हणाली, मस्त काम केलंत, पाठवते. एकेकानं हात हलवले, कुणी हृदयाचं चित्र पाठवलं, आणि एकेक चौकट विझत गेली. मी म्हणतेय, अहो थांबा, माझं राहिलंय, तोवर पडद्यावर मी एकटी. माझं वाक्य गप्पांच्या रकान्यात तसंच पडलेलं. निवेदनाला कुलूप लागलं होतं.

मी रडले नाही. मला राग आला की रडू येत नाही. मैत्रिणीच्या खोलीत मी इकडून तिकडे फेऱ्या मारत होते आणि तोंडानं पट्टा चालू. ही कसली माणसं, कामापुरती गोड बोलतात, स्वतःचं रान लागलं की चालायला लागतात. मैत्रीण ऐकत बसली. मग तिनं विचारलं की तुझं शेवटी आहे, आणि शेवटच्यासाठी थांबायचं असतं, हे तू त्यांना सांगितलं होतंस का. मी म्हटलं, त्यात सांगायचं काय? ती म्हणाली, "मग त्यांना काय स्वप्न पडणार होतं का, येडे?"

मी मटकन बसले. सावड सांगताना मी ओळ सांगितली, पाळी सांगितली, बांध सांगितला. हेच नेमकं सांगितलं नव्हतं. कारण हे आमच्याकडे कुणी कुणाला सांगतच नाही, ते लहानपणी चिखलात खेळता खेळता कळतं. त्या पोरांना वाटलं असेल, वेळ झाली, संपलं. मामीचा चेहरा डोळ्यांसमोर आला. आता तिला काय तोंड दाखवू? चार दिवसांत ती आमच्या लावणीला येणार होती.

एसटीत बसून मी गटावर मेसेज लिहिला. लई गोड करून लिहायला गेले तर जमेना. शेवटी सरळ लिहिलं. इंग्रजीत होतं, पण मराठीत ते असं:

"आमच्याकडे शेवटचं खाचर राहिलं असताना कुणी घरी जात नाही. हे मी तुम्हाला सांगायचं विसरले. माझं खाचर राहिलंय."

ताईचं उत्तर आलं. तिला खरंच वाईट वाटलं होतं, पण निवेदन पोचलं होतं आणि आता त्यात टिंबसुद्धा बदलता येणार नव्हतं. बाकीच्यांनी हळहळ कळवली. बेटावरच्या मुलीचं काहीच नाही. ती दोन दिवस विमानं बदलत प्रवासात होती हे मला माहीत होतं, तरी मी दर तासाला जांभळाखाली जाऊन फोन वर धरत होते. शेजारची म्हातारी म्हणाली, पोरगी झाडाला काय नवस बोलतेय का.

मंगळवारी सभा आणि मंगळवारीच आमच्या खाचराची पाळी. सकाळी सगळी सावड आली. मामीही आली, येताना आंबाडीची भाजी घेऊन. मी तिच्याकडे बघितलं नाही, रोपांच्या जुड्या फेकत सुटले. ती म्हणाली, "आज का ग बोलंना ही? आजारी हाय व्हय?" आईनं सांगून टाकलं. रांगेतल्या बायांनी एकदम मान वर केली. शेवटचं खाचर टाकून गेले? अशी कशी माणसं? आणि जेवायला तरी थांबले का? मामीनं मात्र नुसती एक जुडी सोडली, रोपं हातात घेतली आणि लावत पुढे गेली. मला ते नको झालं. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात रांग जांभळाजवळ आली आणि पदराला बांधलेला फोन वाजला. फोन मी साखरेच्या पिशवीत घालून ठेवला होता. धावत जांभळाखाली गेले. बेटावरच्या मुलीचा मेसेज होता. ती पोचली होती, तिनं माझा मेसेज वाचला होता. लिहिलं होतं की निवेदन मी भरभर वाचते, माझ्या बेटाचा एक तुकडा सोडते, उरलेला वेळ तुझा. ताईनं अध्यक्षांच्या माणसांना गाठून विचारलंय, ऑनलाइन बोलू देणार आहेत. फोन सोडू नकोस.

मी तिथूनच ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. अख्खी रांग कंबरेवर हात ठेवून सरळ झाली.

दुपारी जेवणाची वेळ झाली. बाया बांधावर बसल्या. आई प्रत्येकीच्या भाकरीवर आमटी वाढत होती. मी जांभळाखाली खाचरातच उभी, कारण बांधावर रेंज नाही. फोनमध्ये सभागृह दिसत होतं, पाट्या लावलेली टेबलं, आणि मागच्या खुर्चीत माझी बेटावरची मुलगी, केसांत पांढरं फूल खोचून. ती बोलायला लागली. तिचं सगळं मला पाठ होतं, म्हणून मला कळलं की तिनं काय सोडलं. तिनं साबणाचा फेस सोडला. चहा सोडला, डाळ सोडली. स्वतःच्या विहिरीचा सगळ्यात चांगला भाग तिनं सोडला आणि म्हणाली की माझा उरलेला वेळ मी माझ्या सोबतिणीला देते, तिचं शेत राहिलं आहे.

अध्यक्षांनी माझ्या देशाचं नाव घेतलं. पडद्यावर माइकची खूण आली. मी पिशवीवरून दाबलं. काही होईना. पिशवी ओली. पिशवी फाडली आणि अंगठ्यानं दाबलं. अंगठ्याला चिखल, फोनला चिखल. खोळीला पुसला, खोळ ओली. साडीच्या ओच्याला पुसावं तर ओचा चिखलात. घड्याळाचे आकडे पडद्यावर खाली खाली चाललेले आणि माझा आवाज बंद. सगळ्या बायांचे हात तसलेच. मी हाक मारली, "आई!"

एकट्या तिचेच हात कोरडे होते. वाढत होती ना. तिनं पातेलं बांधावर ठेवलं, हात पदराला पुसला आणि लुगडं न उचलता तशीच चिखलात उतरली.

"कुटं दाबू?"

"ते लाल."

आईनं दाबलं. बोट अगदी अलगद, नुकत्या फुटलेल्या कोंबाला लावावं तसं. आणि मग तिनं फोन तसाच माझ्या तोंडापुढे धरून ठेवला, कारण माझे हात चिखलानं भरले होते.

मी इंग्रजी विसरले. सगळं. मैत्रीण शेजारी नव्हती ओठ हलवायला. समोर बांधावर मामी उभी राहिलेली दिसली, हातात अर्धी भाकरी. मी तिचंच वाक्य बोलले, मराठीत, जसंच्या तसं. पाणी आमच्या दारातून जातं, जाता जाता एक घोट द्यावा. मग कुठून कोण जाणे, इंग्रजी परत आलं. जिथं पाणी अडवलं जातं, तिथल्या माणसांची तहान आधी भागवावी. एवढं बोलले आणि वेळ संपल्याची घंटी वाजली. अध्यक्ष धन्यवाद म्हणाले. पुढच्या वक्त्याचं नाव घेतलं. रेंज गेली.

बाया बघत होत्या. म्हातारीनं विचारलं, झालं? म्हटलं, झालं. ती म्हणाली, एवढ्यापायी तू जेवत नव्हतीस? माझी पानाची चंची सोडायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. सगळ्या खो खो हसल्या आणि मीही हसले, पण मामी हसली नाही. तिनं येऊन आपल्या चिखलाच्या हातानं माझ्या गालाला हात लावला. म्हणाली, "माझंच बोल्लीस की ग." गालावर तिची पाचही बोटं उमटली. मी ती पुसली नाहीत.

मग परत वाकलो. माझी हवा गेली नव्हती, पण मनात म्हटलं, बोलले ते गेलं वाऱ्यावर. तिकडे तासातासाला शंभर जण बोलतात. लावणी उरकत आली. शेवटच्या वाफ्यात आम्ही असताना जांभळाला टांगलेला फोन परत वाजला. या वेळी आईच गेली, कोरड्या हातानं, आणि मला आणून दाखवला. बेटावरच्या मुलीनं सभागृहातल्या मोठ्या पडद्याचा फोटो पाठवला होता. कुठल्याशा डोंगराळ देशाच्या प्रतिनिधीनं दुपारच्या घासाघिशीत हात वर करून म्हटलं होतं की आम्हाला ते शेतातल्या मुलीचं वाक्य मसुद्यात हवं. तरुणांनी बोललेलं एखाद्या देशानं उचललं तरच ते देशांच्या मसुद्यात जातं. आणि ते गेलं होतं. माझं वाक्य. मामीचं. मोठ्या अक्षरात, चौकोनी कंसात.

मी चिखलात फतकल मारून बसले. मग हसले, मग रडले, मग उठून जांभळाखालून मैत्रिणीला फोन लावला. ती तिकडे एवढी ओरडली की तिची अम्मी जिना चढून वर आली. मामीनं मला विचारलं की म्हणजे लागलं का गं वाक्य. आता कंस कसा सांगायचा? तिथं कंसातलं वाक्य म्हणजे अजून सगळ्यांचं एकमत झालेलं नाही. खोडायचं म्हटलं तर खोडतील, ठेवायचं म्हटलं तर कंस काढतील. पुढच्या फेरीत त्याच्यावरून परत जुंपणार. मी म्हटलं, "मामी, लागलंय. जीव धरायचाय अजून." हे तिला लगेच कळलं. आत्ता लावलेलं सगळं खाचर तसंच तर होतं, माना टाकलेलं, पिवळं.

शेवटची जुडी लागली. सगळी रांग एकदम बांधाला आली. बाया पाटाच्या पाण्यात पाय धूत होत्या, कोण उद्या कुणाच्या रानात जाणार ते बोलणं चाललं होतं. आई माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मला वाटलं, मेला तो फोन खराब झाला असं काहीतरी म्हणेल. तिनं विचारलं,

"तिचं रान कवा हाय?"

मला कळेना. विचारलं, कुणाचं?

"त्या बेटावरल्या पोरीचं. तिनं तिच्यातला येळ काढून तुला दिला न्हवं? तिचं काय लागलं का?"

मी फोन उघडून पुन्हा फोटो बघितला. खाली, माझ्या वाक्याच्या दोन ओळी खाली, तिच्या विहिरी होत्या. त्याही कंसात. मी म्हटलं की पुढची फेरी थंडीत आहे. तिकडेच. तिथं जाऊनच भांडावं लागतं, इथून चिखलातून नाही होत. हे मी खालच्या आवाजात म्हटलं, कारण मला दार आपटायची शक्ती उरली नव्हती.

आईनं पायावर पाणी घेतलं. एक पाय घासला, दुसरा घासला. मग खाचराकडे बघत म्हणाली,

"मंग जावं लागंल की. सावड बुडवून चालायचं न्हाई."

मी पाय धुतले नाहीत. तशीच जांभळाखाली पळाले, फोन वर धरला, रेंजची एक काडी आली, आणि तिला एकच शब्द लिहिला. येते.